एक सहल, दोन बुकिंग : केरळ, ऑगस्ट २०१८

पार्श्वभूमी

सातारा शहरातलं एक कुटुंब. थोरला भाऊ माध्यमिक शाळेत शिक्षक, त्याची बायको, दोन मुलं आणि बहात्तर वर्षांची आई, असे पाच जण साताऱ्यात. धाकटी बहीण पुण्यात आयटी कंपनीत. ती, तिचा नवरा आणि दोन मुलं असे चार. दोन-तीन वर्षांतून एकदा नऊ जणांनी मिळून लांबची सहल काढायची, हा या घराचा जुना शिरस्ता. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा जवळच्या पूर्ण आकड्यात दिल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा घडला तसाच आहे.

२०१८ साली ठरलं केरळ, आणि ठरवलं आईनं. मुन्नारच्या डोंगरांवर नीलकुरिंजी बारा वर्षांतून एकदा फुलते. २००६ नंतरचा बहर २०१८ मध्ये येणार, असं तिनं पेपरात वाचलं होतं. आपल्याकडच्या कारवीच्याच कुळातली ही झुडुपं. कासचं पठार दाराशी असलेल्या बाईनं फुलं बघायला केरळात जायचं म्हणावं, याची घरात थट्टा झाली. पण कास दरवर्षी असतं आणि कुरिंजी बारा वर्षांनी, हे तिचं म्हणणं कुणाला खोडता आलं नाही.

तारखा सुट्ट्यांनी ठरवल्या. १५ ऑगस्टला बुधवार, १७ ला शुक्रवारी पारशी नववर्षाची सुट्टी, पुढे शनिवार-रविवार. बहिणीनं दोन दिवस रजा टाकली, भावानं एक. कार्यक्रम असा: १५ ला मुंबईहून विमानानं कोची आणि तिथून गाडीनं मुन्नार, दोन मुक्काम. मग अलप्पुळाला हाउसबोटीवर एक रात्र, कोचीत एक रात्र, १९ ला परत. एवढं अंतर पाच दिवसांत म्हणजे दमछाकच, पण आपल्याकडच्या बहुतेक केरळ सहली अशाच बेतलेल्या असतात.

भावानं बुकिंग केलं साताऱ्यातल्या एका एजंटाकडे. या एजंटाचे वडील काशी-रामेश्वरच्या यात्रेच्या बस काढायचे. आता मुलगा विमानाची तिकिटं, पॅकेज, व्हिसा असं सगळं बघतो. माणशी २४,५०० रुपये, पाच टक्के जीएसटी धरून. बहिणीनं त्याच तारखा, तीच विमानं, मुन्नारचं तेच हॉटेल मोबाइलवर स्वतः जमवलं आणि तिला माणशी २१,३०० पडले. गाडी सगळ्यांची एकच, एजंटाची. गाडीचे पैसे प्रवास संपल्यावर द्यायचे होते. माणशी ३,२०० चा फरक बहिणीनं घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा भावाचा चेहरा पडला असणार. पण शब्द दिलेला होता आणि आईचं सगळं त्या एजंटाला ठाऊक होतं: तळमजल्याचीच खोली हवी, गुडघे दुखतात, जेवणात लसूण चालतो पण नारळाच्या तेलाचा वास चालत नाही.

या एजंटाचे जीएसटीचे रिटर्न मी भरतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे कागद मला पाहायला मिळाले. त्याच्याकडे माझं माप थोडं झुकतं असेल, हे वाचणाऱ्यानं धरूनच चालावं.

दोन्ही बुकिंगांतला खरा फरक रकमेत नव्हता, अटींत होता. एजंटानं हॉटेलांना पंचवीस टक्के आगाऊ रक्कम दिली होती आणि पोहोचण्याच्या ७२ तास आधीपर्यंत तारीख बदलता येईल असं मेलवर लिहून घेतलं होतं. हाउसबोट कोचीतल्या एका स्थानिक ऑपरेटरमार्फत होती; त्याच्याशी बरीच वर्षं देवाणघेवाण असल्यानं तिथं कागद कमी आणि फोन जास्त. बहिणीनं राहण्याच्या सगळ्या ठिकाणी नॉन-रिफंडेबल, म्हणजे रद्द केल्यास पैसे परत न मिळणारा, दर घेतला होता. तिचे ३,२०० वाचले ते मुख्यतः बुकिंग करताना या दरापुढे केलेल्या एका खुणेमुळे. यात तिचं काही चुकलं नव्हतं. सहल ठरल्याप्रमाणे झाली असती तर हे लेखन करण्याचं कारणच पडलं नसतं आणि चार माणसांचे जवळजवळ तेरा हजार रुपये वाचले असते.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. मे महिन्यातच एजंट म्हणाला होता, "सर, ऑगस्टात केरळ म्हणजे भर पावसात. दिवाळीत जा." भाऊ म्हणाला, "दिवाळीत कुरिंजी नसते." विषय तिथेच संपला.

अडचण

त्या वर्षी केरळात पाऊस जूनपासूनच जोरात होता. जुलैच्या मध्यात कुट्टनाड, म्हणजे हाउसबोटी फिरतात तोच सखल भाग, एकदा पाण्याखाली जाऊन आला होता. साताऱ्यात त्याची बातमी फारशी कुणी वाचली नाही. ११ ऑगस्टची नेहरू ट्रॉफी होड्यांची शर्यत पुढे ढकलली, तीही नाही.

घरात खळबळ झाली ९ ऑगस्टला, गुरुवारी. इडुक्की जलाशयाच्या चेरुतोणी धरणाचे दरवाजे २६ वर्षांत पहिल्यांदा उघडले. पेरियार नदीचं पाणी वाढणार म्हणून कोची विमानतळावर विमानं उतरवणं सुमारे दोन तास थांबवलं. हा विमानतळ नेदुंबासेरीला, पेरियारच्या खोऱ्यातच आहे. त्याच दिवशी मुन्नारच्या वाटेवरच्या अडिमाली भागात दरड कोसळून एकाच घरातली पाच माणसं गेली. १० तारखेला धरणाचे पाचही दरवाजे उघडले होते. टीव्हीवर दिवसभर एकच दृश्य: पांढऱ्या पाण्याचा लोट आणि खाली चेरुतोणीचा पूल.

निघायला पाच दिवस उरले होते. ग्रुपवर नऊ जणांची नऊ मतं. आईचं मत वेगळंच होतं: १५ ला नागपंचमी आहे, सणाच्या दिवशी घर बंद ठेवायचं मला आधीपासूनच पटलेलं नव्हतं. हे तिनं मे महिन्यात सांगितलं नव्हतं, पण त्यावर वाद घालण्याची ती वेळ नव्हती.

समोरचे पर्याय

११ तारखेला, शनिवारी संध्याकाळी भाऊ एजंटाच्या दुकानात बसला आणि बहीण फोनवर होती. तिथं चार पर्याय निघाले.

पहिला, ठरल्याप्रमाणे जायचं. बहिणीचा नवरा याच्या बाजूनं होता, आणि त्याच्याकडे कारणं होती. पैसे अडकलेले होते. मुन्नारच्या हॉटेलात त्यानं स्वतः फोन केला तर "सब ठीक है सर, आप आइए" असं उत्तर मिळालं. आणि ११ तारखेपासून पाऊस खरोखरच ओसरला होता. एजंटानं हॉटेलला फोन केलाच नाही. त्यानं फोन लावला तो गाडीच्या ड्रायव्हरला. ड्रायव्हर म्हणाला, रस्ता एका ठिकाणी एकेरी चालू आहे, आणखी दोन ठिकाणी माती लोंबते आहे, पुन्हा पाऊस झाला तर वर गेलेली गाडी खाली येईल याची खात्री मी देत नाही. मला हा फोन या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हॉटेलचा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या गेटाच्या आत सगळं ठीकच होतं. रस्त्यावर जो रोज असतो त्याला विचारायचं, हे ज्याला सुचतं आणि ज्याच्याकडे त्या ड्रायव्हरचा नंबर असतो, त्याच्या हाती वेगळी माहिती लागते.

दुसरा, सगळं रद्द करायचं. भावाचा कल इकडे होता. सुटलो एकदाचे, ही भावना त्यात जास्त होती.

तिसरा, ठिकाण बदलायचं. इथं दोन सूचना आल्या. बहिणीच्या नवऱ्यानं बेंगळुरूची स्वस्त तिकिटं शोधून कूर्ग सुचवलं. एजंटानं ते लगेच नाकारलं: "घाटातलं काहीच नको, ना अलीकडचं ना पलीकडचं." त्याची स्वतःची सूचना मदुराई-रामेश्वर-कन्याकुमारीची होती. तमिळनाडूच्या त्या भागात मुख्य पाऊस ऑक्टोबरपासून येतो, ऑगस्ट बराच कोरडा असतो. नकाशा आणि हवामान पाहता हा पर्याय चांगला होता. मला तर चौघांत तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पण मदुराईची नवी तिकिटं महाग होती आणि आईचं रामेश्वर झालेलं होतं, तेही या एजंटाच्या वडिलांच्याच बसनं. तिनं मान हलवली आणि तो विषय मिटला.

चौथा पर्याय एजंटानं मांडला तेव्हा भावाला तो नीट कळलाच नाही. तो होता, अर्धं आत्ता सोडायचं आणि अर्धं धरून ठेवायचं. हॉटेलांची ७२ तासांची मुदत १२ तारखेला दुपारी संपत होती, म्हणून हॉटेलांच्या तारखा लगेच पुढे ढकलायच्या. विमानाच्या तिकिटांना मात्र हात लावायचा नाही. आपण होऊन रद्द केलं तर कंपनी रद्द-शुल्क कापणार. कंपनीनं उड्डाण रद्द केलं, किंवा विमानतळ बंद झाला म्हणून सवलत जाहीर केली, तर पूर्ण पैसे परत मिळणार. आणि या तिकिटांवरचं रद्द-शुल्क ११ तारखेला जेवढं होतं तेवढंच १५ च्या पहाटे असणार होतं; मुदत उड्डाणाच्या दोन तास आधीपर्यंत होती. "मग घाई कशाला करायची? विमान सव्वानऊचं आहे. सातला ठरवू," असं तो म्हणाला.

भावाच्या मनात शंका आली ती अशी: जायचं नाही हे ठरलंच आहे तर तिकीट कशाला ठेवायचं? बहुतेकांना हे असंच वाटतं. निर्णय झाला की कागदही मिटवून टाकावा, डोकं हलकं होतं. डोकं हलकं करण्याची ती किंमत माणशी तीन हजार होती.

काय केलं

१२ तारखेला रविवारी सकाळी एजंटानं मुन्नार आणि कोचीच्या हॉटेलांना मेल केले आणि आगाऊ रक्कम पुढच्या तारखेसाठी जमा ठेवल्याचं उत्तर संध्याकाळपर्यंत मिळवलं. गाडी सोडली. साताऱ्याच्या पाच जणांची सहल तिथेच थांबली. हातात फक्त विमानाची तिकिटं उरली.

बहिणीची गोष्ट वेगळ्या दिशेनं गेली. तिची हॉटेलं परत न मिळणारी होती, त्यामुळे मुदत वगैरे प्रश्नच नव्हता आणि ठरवण्यासारखं काही हातात नव्हतं. १२ आणि १३ ला पाऊस कमीच राहिला, धरणाचे काही दरवाजे खाली आल्याच्या बातम्या आल्या. पुण्याचे चौघे जायचं ठरवून बॅगा भरायला लागले. दादा उगाच घाबरला, असंही बोलणं झालं. मला यात कुणाचा मूर्खपणा दिसत नाही. पैसे अडकलेले असले की ओसरलेला पाऊस जास्त ओसरलेला दिसतो.

१४ तारखेला पावसानं पुन्हा जोर धरला आणि पुन्हा इशारे आले. संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास बहिणीनं निर्णय घेतला: लेकरांना घेऊन जायचं नाही. निर्णय शंभर टक्के बरोबर. पण त्याच बैठकीत तिनं मोबाइलवर चारही तिकिटं रद्द केली. माणशी सुमारे तीन हजार कापले गेले, चौघांचे बारा हजार. तिनं भावाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "आमची अजून तशीच आहेत. ते म्हणतात सकाळी बघू." ती म्हणाली, "दादा, जायचं नाही तर ठेवून काय करणार?"

त्या रात्री मुल्लपेरियार धरणातून पाणी सोडलं, पेरियारवरच्या इतर धरणांतूनही विसर्ग वाढला. १५ च्या पहाटेच कोची विमानतळाचं कामकाज थांबलं. आधी काही तासांसाठी, मग दुपारी दोनपर्यंत, मग शनिवारपर्यंत, मग २६ तारखेपर्यंत. प्रत्यक्षात तो सुरू झाला २९ ऑगस्टला. धावपट्टीवर पाणी होतं, कुंपणाची भिंत कोसळली होती. मधल्या काळात, २० तारखेपासून, नौदलाच्या कोचीतल्या तळावरून छोट्या विमानांची प्रवासी सेवा चालवावी लागली.

सकाळी सहाच्या आत भावाच्या मोबाइलवर उड्डाण रद्द झाल्याचा संदेश आला. एजंटाला काही करावंच लागलं नाही. पाच जणांचे पूर्ण पैसे परत मिळण्याचा हक्क तिथेच तयार झाला. बहिणीच्या आणि भावाच्या निर्णयात, तिकिटांपुरतं बोलायचं तर, दहा-अकरा तासांचं अंतर होतं.

हे भाकीत होतं का? नाही. विमानतळ दोन आठवडे बंद राहील हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कूर्गचंही तसंच. १६-१७ ऑगस्टला कोडगू (म्हणजे कूर्ग) जिल्ह्यात दरडी कोसळल्या, मडिकेरीकडचे रस्ते तुटले, गावंच्या गावं हलवावी लागली. बेंगळुरूची स्वस्त तिकिटं घेतली असती तर हे लोक नेमके त्यात सापडले असते. एजंटाला कोडगूचं काही विशेष कळलं नव्हतं. पश्चिम घाट एकच आहे आणि पाऊस दोन्ही उतारांना धुतो, एवढं ढोबळ ज्ञान त्याच्या कामी आलं. बाकीचं नशीब. तिकीट धरून ठेवण्यात मात्र नशिबाचा भाग कमी होता. उड्डाण झालं असतं तरी पहाटे रद्द करून तेवढंच शुल्क गेलं असतं जेवढं चार दिवस आधी गेलं असतं.

त्यानंतरचा एक निर्णय पैशांच्या दृष्टीनं लहान आहे, पण माझ्या मते यातला सर्वांत अवघड तोच होता. हाउसबोटीच्या ऑपरेटरकडे पाच हजार आगाऊ गेले होते. अलप्पुळातल्या हाउसबोटींचं पर्यटन बंद पडलं आणि त्यांतल्या कितीतरी बोटी कुट्टनाडच्या लोकांना बाहेर काढायला लागल्या. भावानं एजंटाला सांगितलं, पैसे परत मागा. एजंट म्हणाला, "मागणार नाही. तारीख मागतो." भाऊ चिडला. पैसे आमचे, ठरवणार तुम्ही? त्याचा राग रास्त होता. ग्राहकाच्या पैशांवर एजंटानं परस्पर उदार होऊ नये. एजंटाचं म्हणणं असं की त्या माणसाकडे आज द्यायला काही नाही, आज मागितलं तर तो फोन उचलणं बंद करेल आणि पाच हजारही जातील, माणूसही जाईल. शेवटी तडजोड झाली: डिसेंबर अखेरपर्यंत तारीख मिळाली नाही तर पाच हजार एजंटानं स्वतःच्या खिशातून द्यायचे. हे त्यानं बिलाच्या मागे हातानं लिहून दिलं. तो कागद मी पाहिला आहे.

निष्पत्ती

सप्टेंबरपर्यंत दोघांचे हिशेब बरेचसे उलगडले.

भावाच्या विमानाचे पैसे परत आले, पण थेट त्याच्या खात्यात नाही. एजंट ज्या पोर्टलवरून तिकिटं काढतो त्याच्या वॉलेटमध्ये ते जमा झाले, तिथून एजंटाकडे, तिथून चेकनं भावाकडे. यात सप्टेंबरचा तिसरा आठवडा उजाडला. मधल्या काळात भावानं एजंटाला अनेकदा फोन केले आणि आवाज चढला. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) २०१६ पासूनच्या नियमानुसार तिकीट एजंटामार्फत काढलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते, कारण एजंट तिचा प्रतिनिधी धरला जातो; मुदत तेव्हा तीस कामकाजी दिवसांची होती. म्हणजे उशीर नियमात बसत होता. पण हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं. बहिणीनं स्वतः रद्द केलेल्या तिकिटांचे उरलेले पैसे आठवड्याभरात कार्डावर आले होते. या एका बाबतीत तिचा मार्ग सरळ सरस ठरला.

बहिणीच्या बाकीच्या पैशांचं असं झालं. मुन्नारच्या हॉटेलनं, बऱ्याच मेलांनंतर, अठरा हजारांचं तारीख-बदलाचं व्हाउचर दिलं. मुन्नारकडचे रस्तेच तुटले होते, नाही म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. हाउसबोटीचे सोळा हजार वेबसाइटनं ऑक्टोबरमध्ये परत केले. कोचीच्या हॉटेलचे सात हजार गेले. वेबसाइट म्हणे हॉटेलला विचारा, हॉटेल म्हणे वेबसाइटला विचारा. हॉटेल शहरात होतं, उघडं होतं, आणि कागदावर नॉन-रिफंडेबल लिहिलेलं होतं. तिचं एकूण नुकसान तिकिटांचे बारा आणि हॉटेलचे सात, असं एकोणीस हजार. माणशी पावणेपाच हजारांच्या आसपास.

भावाचं रोख नुकसान काही नाही. पण एजंटामुळे सुरुवातीलाच माणशी ३,२०० जास्त गेले होते, पाच जणांचे सोळा हजार. आणि दिवाळीच्या तारखा घेतल्या तेव्हा हॉटेलांनी हंगामी दराचा फरक मागितला, आणखी नऊ हजार. दोन्ही मिळून माणशी पाच हजार.

हा आकडा मांडला तेव्हा एजंटाला आवडला नाही, आणि बहिणीलाही नाही. दिवाळीचा फरक तिलाही पडलाच, तो धरला तर तिचं नुकसान जास्त ठरतं. पण तोवर राज्याला शतकातला मोठा पूर येऊन गेला होता. चारशेच्या वर माणसं गेली, लाखो लोक छावण्यांत होते. असा पूर येऊनही रुपयांचा फरक जर एवढाच असेल, तर एजंटाकडे गेल्यानं पैसे वाचतात हा दावा या प्रकरणावरून तरी करता येत नाही. एजंटानं दुकानाबाहेर लावलेल्या पाटीवर तोच दावा आहे.

मग त्या सोळा हजारांत मिळालं काय? भावानं ११ तारखेनंतर स्वतः एकही हॉटेल, विमान कंपनी किंवा ऑपरेटरशी बोलणं केलं नाही. बहीण सहा आठवडे ऑफिसातून दुपारच्या जेवणाच्या वेळात मेल लिहीत आणि हेल्पलाइनवर थांबत होती. दुसरं, साताऱ्याच्या घरात जायचं की नाही हा प्रश्न ११ तारखेला सुटला, पुण्यात तो १४ च्या संध्याकाळपर्यंत घोळत राहिला, आणि घोळण्याचं कारण परत न मिळणारे पैसे होते. पाऊस पुन्हा एक दिवस उशिरा सुरू झाला असता तर ते चौघे कोचीत उतरले असते. या शक्यतेची किंमत हिशेबात कशी धरायची ते मला माहीत नाही. बहिणीला विचारलं तर ती म्हणते, ती तीन हजारांपेक्षा जास्त आहे, पण एवढं मान्य करायला दादासमोर लावू नका.

नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या सुट्टीत, नऊही जण गेले. हाउसबोटवाल्यानं ऑगस्टचे पाच हजार वळते करून घेतले आणि दर जुनाच ठेवला. तोच ड्रायव्हर आला. पुरात आलुव्याजवळच्या त्याच्या घरात छातीएवढं पाणी होतं आणि त्यानं दोन आठवडे छावणीत काढले होते, हे त्यानं तिसऱ्या दिवशी विचारल्यावर सांगितलं. कुरिंजीचा बहर संपला होता, पावसानं त्यातला बराचसा आधीच झोडपला होता. पुढचा २०३० मध्ये. आईनं मुन्नारजवळच्या एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात सुकलेली झुडुपं आणि नीलगिरी ताहर हे रानबकरे पाहिले आणि कास बरं, असा निकाल दिला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, तारखा. १५ ऑगस्टचा आठवडा पंचांगानं आणि कॅलेंडरनं ठरवला, हवामानानं नाही. एजंट मे महिन्यात एकदा बोलला आणि गप्प बसला. ग्राहक हातचा जाईल ही भीती त्याला असणार. पण सप्टेंबरचा शेवट हा मधला मार्ग होता: १३ ला गणपती, २३ ला अनंत चतुर्दशी, त्यानंतरचा आठवडा. पाऊस कमी झालेला, कुरिंजी थोडी तरी शिल्लक. ही तारीख कुणीच सुचवली नाही. ज्या सल्ल्याचे पैसे घ्यायचे तो सल्ला 'नको' एवढ्यावर थांबू नये.

दुसरं, जुलै. कुट्टनाड बुडालं तेव्हाच हाउसबोटीची रात्र बदलायला हवी होती. कोचीच्या ऑपरेटरला ते रोज दिसत होतं, त्यानं एजंटाला सांगितलंही होतं, एजंटानं ते भावापर्यंत पोहोचवलं नाही. ९ ऑगस्टपर्यंत वाट पाहण्याचं कारण नव्हतं.

तिसरं, विमा. नऊ जणांपैकी कुणाकडेच प्रवास विमा नव्हता. देशातल्या सहलीला तो कुणी काढत नाही. १० ऑगस्टला बहिणीच्या नवऱ्याला तो आठवला. पण संकट जाहीर झाल्यावर काढलेला विमा त्या संकटाला सहसा लागू होत नाही. काढायचा तर तिकिटांबरोबर, मे महिन्यातच काढायला हवा होता.

बहिणीच्या बाजूनं पाहिलं तर स्वतः बुकिंग करण्यात तोटा नव्हता, सगळीकडे एकच खूण निवडण्यात होता. मुन्नारचं परत मिळणारं भाडं रात्रीला तीन-चारशेच जास्त होतं. पावसाळ्यात घाटातली खोली तरी त्या दरानं घ्यावी आणि बचत इतर ठिकाणी करावी. आणि तिकीट रद्द करण्यापूर्वी शुल्क आज किती, उद्या किती, शेवटची मुदत कधी, हे तीन प्रश्न विचारायला एजंट लागत नाही. ती माहिती तिच्या मोबाइलवर त्या संध्याकाळीही होती. कराच्या परताव्याचंही तसंच: नॉन-रिफंडेबल तिकिटावरही सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत द्यावंच लागतं, तेही तिनं मागितल्यावर मिळालं.

एजंटाच्या कामात या प्रकरणानंतर दोन बदल झाले. कोटेशनच्या कागदावर आता प्रत्येक हॉटेलपुढे विनाशुल्क बदल करण्याची शेवटची तारीख लिहिलेली असते आणि परतावा कुठून कुठे येतो, किती दिवस लागतात, हे खाली छापलेलं असतं. दुसरा बदल पैशांचा. ऑगस्टच्या त्या सहलीत त्याला एक रुपयाही सुटला नव्हता, कारण त्याची कमाई हॉटेलच्या कमिशनवर आणि ती होते माणूस राहिला तर. म्हणजे ज्या आठवड्यात त्याचं काम खऱ्या अर्थानं उपयोगी पडलं, त्या आठवड्याचं त्याला काहीच मिळालं नाही. आता तो माणशी पाचशे रुपये नियोजन शुल्क घेतो, परत न मिळणारं. भावानं पुढच्या सहलीला ते न बोलता दिलं. बहीण आता विमानं स्वतः काढते आणि हॉटेलं त्याच्याकडून घेते. तिनं विचारलं, हे पाचशे पॅकेजमधून वळते होतात का. होत नाहीत.